मळ्यातल्या वर्कशॉपसाठी पहिलं मिग मशीन कुठलं घ्यावं?

मळेकरी_निफाड

राम राम मंडळी.

निफाड तालुक्यात आमचा मळा आहे. सहा एकर द्राक्षं, दोन एकर कांदा. घरापासून साठ मीटरवर २० बाय ३० फुटांचं पत्र्याचं शेड आहे. त्यात ट्रॅक्टर, ब्लोअर आणि वडिलांच्या काळातलं ट्रान्सफॉर्मरचं वेल्डिंग मशीन. या मशीनवर मी आठ-दहा वर्षं रॉडने काम करतोय. बागेचे वाय अँगल (वेली चढवायचे लोखंडी आधार), गेट, वखराची किरकोळ दुरुस्ती एवढं नीट जमतं. पण पातळ पत्रा किंवा चौकोनी पाइप समोर आला की भोकं पडतात. भोक बुजवायला आणखी रॉड, मग ग्राइंडर, मग परत भोक. गेल्या महिन्यात ब्लोअरच्या पंख्याची जाळी करताना अख्खा दिवस गेला आणि शेवटी ती जाळी मलाच बघवेना.

गोडी छाटणीला (द्राक्षाच्या फळासाठीची छाटणी) अजून महिना आहे. तेवढ्यात मिग मशीन, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन, घ्यायचं म्हणतोय. मशीन, गॅसचा बाटला, त्याचं गेज, वायर सगळं धरून पन्नास हजारांच्या आत बसवायचं आहे. दुकानांत फिरलो. एक म्हणाला २५० अँपिअरचंच घ्या, पुन्हा घ्यायची वेळ येणार नाही. दुसरा म्हणाला गॅस नकोच, गॅसलेस वायर लावा (तिच्या पोटातच रसायन असतं, बाटला लागत नाही). तिसरा म्हणाला थ्री फेजशिवाय मजा नाही. मला नक्की काय जोडायचं आहे, हे तिघांपैकी कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षात करायची कामं: कांदा चाळीचे दरवाजे आणि फ्रेम (१६ गेज चौकोनी पाइप, ४० बाय ४० बाय ५ अँगल), ट्रॉलीच्या हौद्याचा गळका पत्रा, फवारणीच्या टाकीची चौकट, ट्रॉलीचा हूक. वापरणाऱ्यांनी सांगा.

---

चाळवाला_लासलगाव

दादा, मी गेल्या वर्षी गॅसलेस वायरवर चालणारं छोटं मशीन घेतलं. उघड्यावर काम असेल तर चांगलं आहे, वाऱ्याचा त्रास नाही. पण धूर भरपूर, छर्रे भरपूर, आणि रॉडसारखी खपली काढावीच लागते. पातळ पत्र्यासाठी घेतलं होतं, तिथंच ते कमी पडलं.

एक गोष्ट मला दोन महिन्यांनी कळली. गॅसलेस वायर लावली की टॉर्च (हातात धरायची, वायर सोडणारी बंदूक) निगेटिव्हला आणि अर्थ क्लॅम्प (कामाला लावायचा चिमटा) पॉझिटिव्हला जोडायचा. साध्या वायरला गॅस असतो तेव्हा बरोबर उलटं. मी दोन महिने उलट्या जोडणीवर काम केलं आणि वायरला दोष देत राहिलो. घेताना मशीनमध्ये ही अदलाबदल करायची सोय आहे का ते पाहाच.

---

अंबडचा_फिटर

अंबडच्या कारखान्यांत मेंटेनन्सला सव्वीस वर्षं काढली. आता घरीच छोटं शेड आहे. मळेकरी, मशीनचं नाव मी लगेच सांगणार नाही. आधी तीन गोष्टी कळवा.

१. शेडमध्ये वीज कुठून आणि किती जाडीच्या केबलने नेली आहे?
२. जुनं मशीन चालू असताना शेडमध्ये किती व्होल्ट मिळतात? घरच्या मीटरपाशी किती?
३. काम शेडच्या आत होणार की बागेत उभं राहून?

मल्टीमीटर नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. पन्नास हजार घालायच्या आधी हे पाच मिनिटांचं काम करा. मळ्यावरच्या इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणाऱ्या) वेल्डिंग मशीनच्या ज्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यातल्या बऱ्याच मशीनच्या नव्हत्याच, केबलच्या होत्या.

---

मळेकरी_निफाड

काका, आजच मोजलं.

घराला गावठाणची सिंगल फेज आहे. तिथून शेडपर्यंत २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची केबल टाकली आहे. मशीन बंद असताना घरी २२२, शेडमध्येही तेवढेच. भावाला रॉड मारायला लावला आणि दोन्हीकडे पाहिलं. घरी २१५, शेडमध्ये १८७!

विहिरीच्या मोटरची थ्री फेज आहे, पण ती आठ तास, आणि कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी.

काम ऐंशी टक्के शेडमध्ये.

---

अंबडचा_फिटर

हे फार चांगलं केलंत. घरी फक्त ७ व्होल्ट उतरले, म्हणजे महावितरणची लाइन तुमच्याकडे ठीक आहे. बाकीचे २८ व्होल्ट तुमच्या स्वतःच्या केबलने खाल्ले. हिशेब सोपा आहे. २.५ च्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ८ ओहम. जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे जवळपास ०.९६ ओहम. त्यातून ३० अँपिअर गेले की २८-२९ व्होल्ट तारेतच जिरतात आणि तार तापते. तीच केबल ६ चौरस मिलीमीटरची असती तर १२ व्होल्टच उतरले असते. त्यामुळे तुमच्या यादीत पहिली खरेदी केबलची. मशीन नंतर.

आता अँपिअरचं. मिगला १२० अँपिअरवर जाळात (आर्कमध्ये) साधारण २० व्होल्ट लागतात, म्हणजे २४०० वॅट. मशीनमधली घट धरली की ३ किलोवॅट. साध्या सिंगल फेज इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी येणारा वाटा) ०.७ च्या आसपास असतो, म्हणून प्रत्यक्षात लाइनवरून १८-१९ अँपिअर ओढले जातात. १६ अँपिअरचा प्लग इथेच संपला. १६० अँपिअरवर वेल्डिंग कराल तर लाइनवर २७ च्या आसपास, आणि २०० वर ३५ च्या पुढे. आता सांगा, सिंगल फेजवर २५० अँपिअरचं मशीन घेऊन तुम्ही ते कुठे वापरणार? आकडा डब्यावर राहील.

आणि एवढं लागतं तरी कुणाला? मोटामोटी हिशेब असा की एक मिलीमीटर जाडीला चाळीस अँपिअर. १६ गेज म्हणजे १.६ मिमी, तिथे ६०-७० पुरतात. ३ मिमीला ११०-१२०. ५ मिमीच्या अँगलला कडा घासून घेतल्या तर १६०-१८० मध्ये काम होतं. तुमच्या यादीतला हूक सोडला तर सगळं २०० च्या आत बसतं.

ड्यूटी सायकल मात्र नीट वाचा. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं मशीन जाळ धरू शकतं, चार मिनिटं विश्रांती. ही चाचणी ४० अंश तापमानाला धरतात. काही मशीनवर मोठ्या अक्षरांत २०० आणि बारीक अक्षरांत ३५ टक्के असतं. असं मशीन न थांबता चालवायचं तर ११५-१२० अँपिअरचंच समजा. एप्रिलमध्ये तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये हा फरक तुम्हाला जाणवेलच.

माझं मत: सिंगल फेज, २०० अँपिअर, ६० टक्के, आणि त्याच मशीनमध्ये रॉडची सोय असलेलं. ५ किलोची रीळ बसेल असं.

---

वायरमन_सिन्नर

फिटर काकांच्या हिशेबात भर. बिलावर मंजूर भार किती लिहिला आहे ते बघा. बऱ्याच घरांचा एक-दोन किलोवॅटच असतो. वेल्डिंग मशीन लावणार असाल तर रीतसर अर्ज करून भार वाढवून घ्या.

शेडमध्ये वेगळी डीबी (विजेच्या स्विचांची पेटी) लावा. ३२ अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी (सुरुवातीचा झटका सोसणारा, जास्त करंटला पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला तर पडणारा स्विच) आणि ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट. ६ च्या केबलला हे जुळतं. शेडसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा करा. घरच्या अर्थिंगची तार साठ मीटर ओढून भागवू नका.

विहिरीच्या थ्री फेजवर मशीन लावायचा मोह खूप जणांना होतो. ती जोडणी पंपासाठी मंजूर आहे. मंजूर कारणाशिवाय वापर आढळला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते. त्यात तुमची थ्री फेज अर्धे दिवस रात्री येणार. त्यासाठी थ्री फेज मशीन घेणं मला पटत नाही.

---

नवशिक्या_सटाणा

मधेच विचारतो, माफ करा. सगळे याला सीओटू मशीन म्हणतात, दुकानदार मिग म्हणतो, एका पाटीवर मॅग लिहिलं होतं. तीन वेगळी मशीनं आहेत का?

---

अंबडचा_फिटर

मशीन एकच. फरक गॅसचा. आर्गॉनसारखा निष्क्रिय गॅस असेल तर मिग. कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचं मिश्रण असेल तर तो जाळात भाग घेतो, म्हणून मॅग. लोखंडावर आपण सगळे मॅगच करतो, बोलताना मिग म्हणतो. कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी सीओटूच.

---

जाळीवाल्या_दिंडोरी

मी दिंडोरीत खिडक्यांच्या जाळ्या, गेट, द्राक्षाच्या क्रेटच्या गाड्या बनवते. नवऱ्याबरोबर सुरू केलं होतं, आता टॉर्च बहुतेक माझ्याच हातात असते. गॅसबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दादा, लोखंडाला दोन पर्याय. शुद्ध सीओटू, नाहीतर आर्गॉनमध्ये २० टक्के सीओटू मिसळलेला. मिश्रणाने छर्रे कमी पडतात, वेल्डिंगचा टाका गुळगुळीत येतो, पातळ पाइपवर हात जास्त सावरतो. सीओटू स्वस्त, आणि जाड लोखंडात चांगला आत उतरतो. मी जाळीच्या कामाला मिश्रण वापरते, बाकी सगळं सीओटूवर. मळ्यातल्या कामाला सीओटूपासून सुरुवात करा, कारण सुरुवातीला गॅस वाया फार जातो.

सीओटूच्या बाटल्याचं गेज बघून किती गॅस उरला ते कळत नाही. आत तो द्रव असतो, शेवटचा थेंब संपेपर्यंत काटा एकाच जागी उभा राहतो. मग एकदम खाली. बाटल्याच्या खांद्यावर रिकामं वजन कोरलेलं असतं. भरून आणला की मळ्यातल्या वजनकाट्यावर ठेवायचा. एक किलो द्रवाचा साधारण ५४० लिटर गॅस होतो. मिनिटाला १२ लिटर सोडला तर दहा किलोत साडेसात तास निव्वळ जाळ मिळतो. हौशी माणसाला हे पुष्कळ झालं.

बाटला कायम उभा आणि साखळीने बांधलेला. आडवा ठेवून वापरला तर द्रव गेजमध्ये येतो. हीटर असलेलं सीओटूचं गेज घ्या, नाहीतर सलग काम करताना गेजवर बर्फ धरतो आणि गॅस अडतो. घरी आल्या आल्या साबणाचं पाणी लावून सगळे सांधे तपासा. माझा पहिला बाटला एका रात्रीत हवेत गेला होता, नळीच्या एका सैल क्लिपमुळे.

वाऱ्याचं चाळवाले दादांनी बरोबर सांगितलं. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सरळ शेडमध्ये शिरतो. झुळूक जाणवायला लागली की टाक्यात बारीक छिद्रं दिसू लागतात. गॅस वाढवून उपयोग नाही, जास्त सोडला तर तोच भोवरा करून हवा आत ओढतो. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा. पंखा कामाकडे तोंड करून लावू नका, धूर पाठीमागून बाहेर जाईल असा लावा. आणि खड्ड्यात किंवा बंद टाकीत उतरून गॅसवर वेल्डिंग करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, तळाशी साठतो आणि माणसाला कळायच्या आत श्वास कोंडतो.

---

मळेकरी_निफाड

ताई, वजनकाट्याची गोष्ट मला दुकानात कुणी सांगितली नव्हती. मनापासून आभार.

---

ट्रॉलीवाले_पिंपळगाव

मी पिंपळगाव बसवंतला ट्रॉल्या बांधतो. इथे सगळे मिगचं कौतुक करताहेत, ते खरंही आहे, पण मळेकरी भाऊ, तुमच्या यादीतलं शेवटचं काम वाचून राहवलं नाही. ट्रॉलीचा हूक.

मिगचा टाका दिसायला देखणा येतो. रॉडने कच्चा माणूस वेल्डिंग करतो तेव्हा कच्चेपणा डोळ्यांना दिसतो. मिगमध्ये तो झाकला जातो. छोट्या मशीनवर वायर टेकून-टेकून वितळते, जाळ थंड असतो. पातळ पत्र्याला हेच पाहिजे. पण १० मिमीच्या पट्टीवर तोच टाका वरून मेण ओतल्यासारखा बसतो, खालचं लोखंड वितळतच नाही. रंग दिला की कुणाला ओळखू येणार नाही.

माझ्याकडे एक ट्रॉली आली होती. मालकाने नव्या मशीनवर हूक स्वतः बसवला होता. वीस क्विंटल माल घेऊन बाजार समितीच्या अलीकडच्या चढावर हूक सुटला. मागे मोटरसायकलवर नवरा-बायको होते. ट्रॉली रस्त्याकडेच्या नालीत गेली म्हणून दोघं वाचले. तो तुटलेला हूक मी हातात घेऊन पाहिला. पट्टीवर ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा होत्या. म्हणजे एवढ्या लांबीत लोखंड एकमेकांत मिसळलंच नव्हतं.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. हूक, ट्रॉलीचा दांडा, एक्सलचा पाटा, ट्रॅक्टरची थ्री पॉइंट लिंक, हे नव्या मिगवर नाही. ही कामं कडा तासून, ७०१८ जातीचे कोरडे रॉड घेऊन, दोन-तीन थरांत करायची, आणि ज्याचा हात बसलाय त्याच्याकडून. जुनं मशीन विकू नका.

---

चाळवाला_लासलगाव

हे वाचून मी आज माझ्या ट्रॉलीखाली जाऊन आलो. माझा हूक मी स्वतःच बसवला होता. आठवड्यात तुमच्याकडे आणतो, दादा.

---

मळेकरी_निफाड

ट्रॉलीवाले दादा, पण मग पातळ कामाला तरी टाका आत बसला की नाही हे कसं ओळखायचं? तेही वरून सुंदरच दिसणार ना?

---

ट्रॉलीवाले_पिंपळगाव

मोडून. दुसरा उपाय नाही. ज्या जाडीचं काम आहे त्याच जाडीचे दोन तुकडे घ्या, एक आडवा एक उभा, उलट्या टी सारखे. एकाच बाजूने टाका मारा. थंड झाला की व्हाइसमध्ये धरा आणि उभा तुकडा टाक्याच्या बाजूला घणाने वाकवा. टाका फाटला आणि आतला भाग दाणेदार, तुटलेला दिसला किंवा पत्राच फाटला, तर ठीक. टाका पट्टीसारखा सोलून निघाला आणि खाली मूळ लोखंडाचा रंग दिसला, तर अँपिअर वाढवा किंवा हात सावकाश करा. नवी सेटिंग, नवी जाडी, प्रत्येक वेळी एक तुकडा मोडायचा. भंगारातल्या लोखंडाला पैसे पडत नाहीत.

---

वाय_अँगल

अॅल्युमिनियमची शिडी जोडता येईल का याच मशीनवर? आणि गॅल्व्हनाइज (जीआय, जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप? आमच्याकडे ठिबकचे जुने जीआय पाइप खूप पडलेत, त्यांचं गेट करायचं आहे.

---

अंबडचा_फिटर

अॅल्युमिनियम पहिल्या वर्षी नको. शुद्ध आर्गॉन, वेगळी वायर, यू खाचेचा रोलर, टेफ्लॉनचं लायनर किंवा स्पूल गन, एवढा वेगळा संसार लागतो. शिडीवर माणूस चढतो, ती बाहेर द्या.

जीआयचं मात्र तपशिलात सांगतो, कारण मला त्याचा फटका बसलाय. तरुणपणी एका शिफ्टमध्ये बंद खोलीत जीआय पाइपचं रेलिंग केलं. संध्याकाळी घरी गेलो तोवर ठीक होतो. रात्री हुडहुडी भरून ताप, तोंडात गोडसर धातूची चव, छाती भरलेली. घरच्यांना मलेरिया वाटला. जस्ताच्या धुराने असं होतं, आणि दीड-दोन दिवसांत उतरतं म्हणून लोक ते मनावर घेत नाहीत. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने तो धूर फुप्फुसातून निघत नाही. ही समजूत आमच्या शॉपमध्येही होती आणि तिच्या भरवशावर पोरं तोंडाला रुमालही बांधत नसत. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन इंच जस्त ग्राइंडरने घासून काढा, काम मोकळ्या हवेत करा, वेल्डिंगच्या धुराचा मास्क लावा, डोकं धुराच्या वाटेत धरू नका. ताप आलाच, श्वासाला त्रास झाला, तर डॉक्टरांना जस्ताचं वेल्डिंग केल्याचं सांगा.

त्याच ओघात: औषधांचे आणि डिझेलचे रिकामे ड्रम कापायला किंवा जोडायला कुणी आणले तर परत पाठवा. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, आत वाफ असते. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या लोखंडावरही जाळ धरू नका, त्यातल्या क्लोरीनपासून विषारी वायू तयार होतो.

---

जाळीवाल्या_दिंडोरी

आणि मुलं. शेडमध्ये मुलं येतातच. टॉर्च लावायच्या आधी मोठ्याने "डोळे!" म्हणायची सवय लावा. आमच्या घरात आता चार वर्षांची भाचीसुद्धा तेवढं ऐकलं की पाठ फिरवते. जाळ उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावरची, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी ती रात्र एकदा काढली की कळतं.

काच आपोआप काळी होणारं हेल्मेट घ्या, काचेच्या काळेपणाचा नंबर ९ ते १३ बदलता येणारं. १०० ते २०० अँपिअरला १० किंवा ११ वर ठेवायचं. मशीनमध्ये हजार-दोन हजार वाचवा, पण हे चांगलं घ्या. नवशिक्याचं निम्मं वेल्डिंग बिघडतं ते न दिसल्यामुळे.

---

मळेकरी_निफाड

उद्या नाशिकला सातपूरमध्ये जाऊन घेणार आहे. काउंटरवर उभं राहून काय काय तपासू? आणि कंपनी?

---

अंबडचा_फिटर

कंपनीपेक्षा दुरुस्तीचं बघा. ईसाब, अडोर यांच्यासारख्या जुन्या कंपन्यांचं जाळं मोठं आहे, पैसे जास्त पडतात. बाकी पेटीबंद नावं खूप आहेत. त्यातली चांगलीही आहेत. दुकानदाराला सरळ विचारा: मशीनमधला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला तर नाशिकमध्ये कोण दुरुस्त करतं, त्याचं दुकान दाखवा. बोर्ड बाहेरगावी पाठवायला लागतो म्हणाला, तर दुसरं मशीन बघा.

झाकण उघडून वायर ओढणारा भाग पाहा. रोलरची चौकट धातूची हवी, प्लास्टिकची दोन पावसाळ्यांत ढिली पडते. टॉर्च युरो कनेक्टरची हवी, म्हणजे ती उद्या बदलता येते. मशीनमधूनच निघालेली, न सुटणारी टॉर्च घेऊ नका. व्होल्ट आणि वायरचा वेग दोन वेगळ्या बटणांवर हवेत. सिनर्जिक म्हणजे दोन्ही आपोआप जुळवणारं असलं तरी हाताने बदलायची मुभा हवी. १८०-१९० व्होल्टवर चालतं का ते पाटीवर वाचा.

वायर ०.८ मिमीची, ईआर७०एस-६ जातीची. १.२ ची वायर कारखान्यात चालते, ती १२० अँपिअरखाली नीट जळत नाही. ०.८ ची पाच किलोची रीळ साधारण साडेबाराशे मीटर भरते. सुट्या टिप (टॉर्चचं टोक, ज्यातून वायर बाहेर येते) दहा-बारा घ्या, ०.८ च्याच घ्या. एक नोझल जास्त. आणि दुकानात दहा मिनिटं चालवून दाखवा म्हणा, १६ गेजच्या तुकड्यावर. हो, १८ टक्के जीएसटी धरून भाव विचारा, नाहीतर घरी येऊन हिशेब चुकतो.

---

मळेकरी_निफाड

पंधरा दिवसांनी लिहितोय. पाऊस आणि डाऊनी रोगाच्या फवारण्यांत वेळ गेला.

२०० अँपिअरचं सिंगल फेज घेतलं, मिग आणि रॉड दोन्ही. ड्यूटी सायकल ६० टक्के. त्याच्या आधी ६ ची केबल टाकली, वायरमन दादांनी सांगितलं तशी डीबी आणि अर्थिंग केलं, भार वाढवायचा अर्ज दिलाय. केबल बदलल्यावर जुनंच मशीन लावून पुन्हा मोजलं. शेडमध्ये २०३! आणि तेच जुनं मशीन इतकं सरळ चालायला लागलं की दहा वर्षं मी त्याच्यावर उगाच रागावत होतो असं वाटलं.

पहिले दोन दिवस त्रास झाला. वायर रोलरपाशीच गुंता करून अडकत होती. उघडून पाहिलं तर रोलर १.० च्या खाचेवर होता, वायर ०.८ ची. रोलर उलटा केला, दाब थोडा कमी केला, थांबलं. मग आवाज बसेना. लाह्या फुटल्यासारखा फटफट आवाज यायचा आणि वायर कामावर ढुशी मारायची. काकांना फोटो पाठवला, त्यांनी वायरचा वेग कमी करायला सांगितलं. चार-पाच वेळा थोडं-थोडं बटण फिरवलं आणि अचानक कढईत भजी पडावीत तसा एकसारखा आवाज सुरू झाला. तो आवाज कानात बसलाय आता. टिप कामापासून १० मिमीवर, गॅस १२ लिटर, १६ गेजच्या पाइपला ६५ अँपिअर.

ट्रॉलीवाले दादा, तुमच्या सांगण्यावरून तुकडे मोडले. ३ मिमीचा पहिला तुकडा तुम्ही म्हणालात तसाच सोलून निघाला. वरून इतका सुबक होता की तो मी घरात दाखवून आलो होतो. खाली पट्टी कोरी. अँपिअर ९० चे ११५ केले, हात सावकाश केला, गंज आणि रंग घासून काढला. सातव्या तुकड्याला पत्रा वाकला, टाका नाही सुटला.

ब्लोअरची जाळी परत केली. दोन तास लागले. चाळीच्या दरवाज्यांचे पाइप कापून ठेवलेत.

---

जाळीवाल्या_दिंडोरी

खूप बरं वाटलं वाचून. रीळ मशीनमध्ये तशीच ठेवू नका हं, या हवेत आठवड्यात गंज धरते. रात्री काढून पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. आणि मशीनवर गोधडी टाकू नका, कापड ओल धरतं. जाळीच्या पेटीत ठेवा, उंदीर आणि पाली आतल्या बोर्डवर जाऊन बसतात.

---

अंबडचा_फिटर

३ मिमीच्या सातव्या तुकड्याचा मोडलेल्या बाजूचा फोटो टाका. आणि ट्रॅक्टरवर किंवा ब्लोअरवर जागच्या जागी जोडणार असाल तेव्हा बॅटरीची वायर सोडून ठेवा, अर्थ क्लॅम्प टाक्याच्या जवळच लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग आतून डागाळतं.

---

मळेकरी_निफाड

फोटो उद्या उजेडात काढतो, काका. बॅटरीचं लक्षात ठेवलं.

हूक मी करत नाही. ट्रॉलीवाले दादा, रविवारी निफाडहून निघतो, दहापर्यंत पिंपळगावला पोचेन. जुना हूक आणि १० मिमीची पट्टी बरोबर आणतो. तुम्ही कडा तासता ते मला उभं राहून बघायचं आहे.

---

ट्रॉलीवाले_पिंपळगाव

या. पट्टी १२ ची आणा.